एकशे दहा लिटरची फळी

हसणार नसाल तर सांगतो. आणि मध्येच कुणी "असं कसं झालं हो?" म्हणून विचारलं, तर चहा तसाच ठेवून उठून जाईन. चार महिने झाले या गोष्टीला, तरी आठवण निघाली की माझं डोकं तापतं. बायको म्हणते, उगाळू नका. मी म्हणतो, उगाळणार. ज्याची नाचक्की झाली त्यालाच उगाळायचा हक्क असतो.

मी राहायला शिरूरला, नोकरी रांजणगावच्या एमआयडीसीत, मेंटेनन्स खात्यात. कंपनीनं मध्ये अडीच वर्षं मला तमिळनाडूतल्या प्लँटला पाठवलं. समुद्र जवळ, भाषा कळत नाही, सांबार खाऊन खाऊन जीव विटलेला. सुट्टीच्या दिवशी करायचं काय? तर तिथं मी काइटबोर्डिंग शिकलो.

म्हणजे काय, ते आधी सांगतो, नाहीतर पुढं विचाराल. पायाखाली एक छोटी फळी. कमरेला पट्टा, पट्ट्याला लांबच लांब दोऱ्या, आणि दोऱ्यांच्या टोकाला आकाशात एक पतंग. संक्रांतीचा नव्हे, अख्खी मोटार झाकेल एवढा. वारा पतंगाला ओढतो, पतंग तुम्हाला ओढतो, आणि तुम्ही पाण्यावरून सुसाट. त्रेचाळिसाव्या वर्षी माणसाला दुसरं काय पाहिजे?

बदली संपवून परत आलो तो पतंग घेऊनच आलो. शिरूरला समुद्र नाही, मान्य. पण माझ्या सासुरवाडीचं रान घोड धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. उन्हाळ्याच्या शेवटाला तिथं असा वारा सुटतो की वाळत घातलेलं धोतर श्रीगोंद्यात जाऊन शोधावं लागतं.

सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणतो. त्यांच्या वडलांपर्यंत घरात मेंढरं होती, वर्षातले आठ महिने वाटेवर. आप्पांनी विहीर पाडली, ऊस-कांदा केला आणि एका जागी बसले. कमी बोलणारा माणूस. जावयाला पाण्यावर उडताना पहिल्यांदा बघितलं तेव्हा एवढंच म्हणाले, "पडलं तर लागतं का?"

मी म्हणालो, "नाही."

"मग चालू द्या."

चालू दिलं. एक महिना चाललं. मग एका रविवारी वारा फिरला, पतंग भोवऱ्यासारखा फिरला आणि मला सरळ काठाकडं ओढायला लागला. मी सुटका करायची दोरी ओढली, म्हणून मला काही झालं नाही. पतंग मात्र जाऊन बसला विजेच्या तारांवर. ठिणग्या, धूर, धडाम. डीपी उडाला.

तीन दिवस त्या शिवारात लाइट नाही. आणि ऐन उन्हात शेजारच्या गेनूनानांनी कांद्याचं रोप टाकलेलं. पाणी समोर भरलेलं, मोटर बंद, रोप करपायला लागलेलं. हे गेनूनाना लक्षात ठेवा. त्यांचं नाव काढलं की माझ्या कानशिलाची शीर अजून उडते.

तिसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर मला बोलावणं आलं. गावातली वीसेक माणसं बसलेली.

"पाव्हणं," नाना म्हणाले, "मानसानं पतंग उडवायचा आस्तो. तुम्हाला तर पतंगच उडीवतोय."

"नाना, अपघात होता."

"व्हय की. आन् पुढच्या टायमाला माझ्या बायकूच्या डोस्क्यावर आला म्हंजी? त्योबी अपघातच म्हनायचा का?"

आता इथं जरा नमतं घेतलं असतं तर विषय संपत होता. पण माझं टाळकं सटकलं. मी म्हणालो, "धरण काय कुणाच्या बापाचं नाही."

ज्यांच्या बापांची रानं त्या धरणात गेली, त्यांच्याच पारावर उभं राहून मी हे बोललो. अशा ठिकाणी असं बोलू नये हे मला कळतं. फक्त बोलून झाल्यावर कळतं.

मग आप्पा उठले. विंडसर्फिंग नावाचा दुसरा प्रकार असतो, एवढं मी त्यांना आदल्या दिवशी जेवताना सांगितलं होतं. तेवढ्या भांडवलावर ते उभे राहिले.

"पतंग आजपासनं बंद," आप्पा म्हणाले. "जावई दुसरी वस्तू आननार हाय. तिचं शीड फळीलाच जोडल्यालं आस्तं, तारंवर जात न्हाई. ती समद्यांच्या म्होरं पान्यावर चालवून दावंल. न्हाई चालवता आली, तर पुन्यांदा ह्या पान्यात पाय घालनार न्हाई. शबूद माझा."

आप्पांनी आयुष्यात फार शब्द दिलेले नाहीत आणि दिलेला एकही मागं घेतलेला नाही. आता त्यातला एक माझ्या जिवावर टांगलेला. फसलो तर माझं पाणी जाईल ते जाईल, मी शिरूरला तोंड लपवून बसेन. पण आप्पांना त्याच पारावर रोज बसायचं होतं.

मग सुरू झाली सामानाची शोधाशोध. पुण्यातल्या एका दुकानात विचारलं, त्यानं मला पोहायचा चष्मा दाखवला. दुसऱ्याला फोन केला तर तो म्हणतो, "सर, इनडोअरसाठी की आउटडोअरसाठी?" विंडसर्फिंग इनडोअर! अरे, पंखा लावून करू का? मी फोन आपटला. काचेला चीर गेली, त्याचाही राग त्याच्याच खात्यावर.

शेवटी ज्याच्याकडून पतंग घेतला होता त्या तमिळनाडूतल्या सेल्वमलाच गाठलं. सेल्वम म्हणजे शांत डोहासारखा माणूस. अशा माणसाचा मला मनापासून राग येतो. आमचं बोलणं निम्मं हिंदीत, निम्मं इंग्रजीत. तुम्हाला मराठीतच सांगतो.

विंडसर्फिंगच्या फळ्या लिटरवर मोजतात. फळी जेवढ्या लिटरची, साधारण तेवढे किलो वजन ती पाण्यावर तोलून धरते. तुम्ही, वर शीड, डोलकाठी आणि फळीचं स्वतःचं वजन, सगळं त्यात बसायला पाहिजे. पतंगाला ही भानगड नाही, तिथं वरून पतंगच तुम्हाला उचलून धरतो. इथं आधी फळीनं तुम्हाला तोलायचं, मग शिडानं ओढायचं.

सेल्वम म्हणाला, "सर, तुम्ही नवीन आहात. एकशे साठ लिटरची घ्या."

नवीन? मी? त्यानं फोटो पाठवला. फळी कसली, घराचं दार होतं ते. वर चार माणसं पंगतीला बसली असती.

"सेल्वम," मी म्हणालो, "अडीच वर्षं तुझ्या समुद्रात घालवली मी. आणि मला पांगुळगाडी विकतोस?"

"काइट वेगळं, हे वेगळं, सर."

"पाणी तेच ना? वारा तोच ना? मला लहान फळी पाहिजे."

"मग वजन सांगा. अंदाजे नको, मोजून सांगा. कमीत कमी किती लिटर चालेल ते मी बघतो."

आता वजन. घरात एक काटा होता, तो मागच्या दिवाळीत मीच लाथ मारून बाद केला. त्यानं मला जो आकडा दाखवला तो माझा नव्हता, असं माझं आजही मत आहे.

योग असा की त्याच आठवड्यात आप्पांचा कांदा घेऊन मी एका व्यापाऱ्याच्या वखारीवर गेलो होतो. तिथं दत्तू मापाडी. आप्पांच्याच गावचा, हाडाची काडं झालेला माणूस, कानावर पेन. उभा जन्म कांदा तोलण्यात गेलेला. शेवटची गोणी उतरली, काटा मोकळा झाला, आणि मी वर चढलो. काट्याचा आकडा दत्तूच्या बाजूला, माझी त्याकडं पाठ. शिवाय त्याच वेळी प्लँटमधून फोन आलेला, कॉम्प्रेसर बंद पडला म्हणून. मी एका बाजूला फोनवरच्या पोराला झाडतोय आणि दुसऱ्या बाजूला दत्तूला सूचना देतोय.

"दत्तू, माझं वजन घे."

"तुमचं, दाजी?"

"माझंच. आणि नीट घे. बूट धर. मोबाईल धर. ही किल्ल्यांची जुडी धर."

"धरतो की."

"पट्ट्याचं बक्कल लोखंडी आहे."

"त्येबी धरतो."

त्यानं आकडा बघितला, ओठ हलवले, चिठ्ठीवर काहीतरी लिहून माझ्या हातात दिलं. चौऱ्याऐंशी.

मला वाटलं होतं नव्वदी कधीच ओलांडली. आमच्याकडं काट्यावर वजन कमी भरलं की माणूस भांडायला उठतो. मी आयुष्यात पहिल्यांदा कमी भरलो म्हणून खूश होऊन खाली उतरलो. दत्तूला चहा पाजला, वर भजी मागितली असती तर तीही चारली असती. घरी येऊन सुनंदाला, म्हणजे बायकोला, चिठ्ठी दाखवली. तिनं चिठ्ठीकडं बघितलं, माझ्या पोटाकडं बघितलं आणि म्हणाली, "बरं."

त्या "बरं"वरून आमचं दोन दिवस वाजलं.

सेल्वमला आकडा कळवला. तो म्हणाला, "चौऱ्याऐंशी म्हणजे एकशे तीस तरी घ्या." मी म्हणालो, शंभर. असं करत करत एकशे दहावर तुटलं. शेवटी तो म्हणाला, "सर, एकशे दहा तुम्हाला जेमतेम तोलेल. वजनात चूक नाही ना?"

"चूक? अरे, माझ्याकडं काट्याची चिठ्ठी आहे. जन्मभर कांदा मापलेल्या माणसाच्या हातची."

यावर त्यानं फक्त पैसे भरायचा खाते नंबर पाठवला. मी जिंकलो, असं मला वाटलं.

माल ट्रकनं निघाला. शिरूरला पोचवायचं कबूल केलेलं, पण ट्रकवाल्यानं तो सोलापूर रोडवर वरवंडला उतरवला आणि वर मलाच फोन, "साब, माल उतर गया, ले जाओ." मी त्याला काय काय बोललो ते इथं सांगता येणार नाही, बाया-माणसं बसली आहेत. पिकअप केली, सुनंदाला बरोबर घेतलं आणि वरवंडला गेलो.

फळी आठ फूट लांब, वरून पांढऱ्या फोममध्ये गुंडाळलेली, दोरीनं चार ठिकाणी आवळलेली. पिकअपमध्ये आडवी ठेवली. चौफुल्यावर चहाला थांबलो तर लोक गोळा. एक म्हणतो, पवनचक्कीचं पातं का? दुसरा म्हणतो, सोलर का? मी म्हणालो, "माझं डोकं आहे." पुढं केडगावात गाडी हळू झाली, तर रस्त्याच्या कडेच्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हात जोडले.

सुनंदा म्हणाली, "मी जरा डोळ्याला पदर लावू का? बरं दिसंल."

न्हावऱ्यापर्यंत मी तिच्याशी बोललो नाही.

मग आला दाखवायचा दिवस. रविवार, दुपारचे चार. वारा झकास. काठावर तीसेक माणसं, पोरंबाळं, बाया. नाना सगळ्यांत पुढं, हाताची घडी घालून. दत्तू मापाडीसुद्धा आलेला. आप्पा जरा बाजूला बाभळीखाली उभे. स्वच्छ धुतलेलं धोतर, नवी टोपी. लग्नाला आल्यासारखे आलेले.

मी डोलकाठी उभी केली, शीड ताणलं, लाइफ जॅकेट चढवलं आणि भाषण ठोकलं. "बघा, हे शीड. ही डोलकाठी फळीलाच जोडलेली. हात सोडला की शीड पाण्यात पडतं. वर आकाशात जात नाही, तारेवर जात नाही. कळलं?"

"कळलं," नाना म्हणाले. "चढा."

कमरेएवढ्या पाण्यात गेलो आणि फळीवर चढलो.

फळी खाली गेली. उलटली नाही, फुटली नाही, काही आवाज नाही. फक्त खाली गेली. पाणी माझ्या घोट्याला आलं, मग पिंढरीला, मग गुडघ्याला, आणि पाय तळाच्या चिखलाला टेकल्यासारखी फळी स्थिर झाली. मी व्यवस्थित तिच्यावर उभा होतो. पण काठावरनं बघणाऱ्याला दिसत काय होतं? गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा असलेला एक जाडा माणूस.

"पाव्हणं," नाना म्हणाले, "चढा की."

"चढलोय."

"कशावर?"

लोक हसले. मी खाली वाकून शिडाची दोरी ओढली. शीड पाण्यातून निम्मं वर आलं, वाऱ्यानं त्याला थोबाडीत मारली, त्यानं मला मारली, मी पाठीवर पडलो. परत चढलो. परत फळी खाली. परत पडलो. असं सहा वेळा. पडताना मी वाऱ्याला बोललो, धरण बांधणाऱ्याला बोललो, सेल्वमला बोललो, ट्रकवाल्यालाही बोललो. मागून कुणीतरी म्हणालं, "ह्याच्यापरीस आपलं थर्माकोल बरं. तरंगतं तरी."

सातव्यांदा वर येताना माझी नजर बाभळीकडं गेली. आप्पा माझ्याकडं बघत नव्हते. जमिनीकडं बघत होते. टोपी काढून हातात घेतलेली.

तेवढं मला सोसेना. आणि मला सोसेना झालं की मी काय करतो? दुसऱ्याला धरतो. तसाच निथळत काठावर आलो, कपड्यांतून मोबाईल काढला, सेल्वमला फोन लावला आणि मुद्दाम स्पीकरवर टाकला. गावाला कळू दे चोर कोण आहे ते.

"सेल्वम, बुडणारी फळी विकलीस मला. फसवलंस."

"सर, मी स्वतः तपासून पाठवली. कुठं गळत नाही."

"गळत नाही तर बुडते कशी?"

"तुमचं वजन किती म्हणाला होता, सर?"

"चौऱ्याऐंशी," मी सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं. पाकिटातून चिठ्ठी काढली आणि वर धरली. "ही बघा, काट्याची चिठ्ठी. मी काय खोटं बोलतोय? आप्पा, बघा. नाना, तुम्ही वाचा."

नानांनी वाचली. आणि मागून दत्तू मापाड्यानं मान पुढं काढली.

"दाजी, ती चिठ्ठी माझ्या हातची का?"

"तुझ्याच."

"मग त्यात तूट धरल्याली हाय."

"कसली तूट?"

"आता तूट म्हंजी तूट." दत्तूनं कानावरचा पेन काढला. "काट्यावर आलं सत्त्यान्नव. दोन गोन्यांचा माल झाला, त्याचं बारदान चार किलो. बूट, मोबाईल, किल्ल्या, बक्कल धर म्हनला, त्याचं चार. ऱ्हायलं एकोणनव्वद. आन् घामानं वल्ले व्हता. वल्ल्या मालाला पाच सोडावंच लागतं. चौऱ्याऐंशी."

"अरे, मी माणूस आहे."

"त्ये दिसतंय. पर काट्यावर काय चढलं की तूट धरायची, आसा हातच पडलाय. आन् तुम्ही तरी कुठं नगं म्हनला? धर, धर म्हनून तुम्हीच मागं लागला व्हता."

काठावर असा हशा पिकला की पोरं लोळायला लागली. क्षणभर मला आशा वाटली, कारण एकदोघा कांदेवाल्यांचं हसू थांबलं. "म्हंजी दत्तू, आमच्या मालालाबी वल्ल्याचं पाच?" दत्तू म्हणाला, "म्या नोकर मानूस. व्यापारी सांगंल तसं धरायचं." व्यापारी तिथं नव्हता. मी होतो. लोक परत मला हसायला लागले.

तिकडं फोनवर सेल्वम विचारतोय, काय झालं, काय झालं. सुनंदानं माझ्या हातातून फोन घेतला. "भैया, आपकी फळी अच्छी है. इनका वजन प्याज के काटे पे किया था."

सेल्वम पहिल्यांदा हसला. अडीच वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा.

मी सुनंदाला बोललो, दत्तूला बोललो, चिठ्ठी फाडून पाण्यात फेकली. तेवढ्यात बघतो तर नाना माझ्या फळीपाशी. वाकून तिला पाण्यात दाबून बघतायत.

"पाव्हणं, ती वरची काठी काढा."

"कशाला?"

"काढा तर."

काढली. नानांनी धोतर खोचलं, कुणाकडून तरी लांब बांबू घेतला आणि फळीवर आधी गुडघे टेकले. मग हळूच उभे राहिले. या माणसाची हयात थर्माकोलच्या तुकड्यावर उभं राहून मोटरीचा पाइप बघण्यात गेलेली. वजन असेल पंचावन्न किलो, तूट न धरता. फळी त्यांच्याखाली पाटासारखी सपाट. बांबूनं ढकलत ढकलत सरळ पन्नास फूट आत गेले, पाइपाच्या तोंडाची जाळी वर ओढली, तिच्यात अडकलेलं शेवाळ हातानं उपसलं, पाइप परत सोडला आणि निघाले माघारी.

माझी फळी. हजार मैलांवरून आणलेली. शेवाळ काढायला. मी काठावरून जिवाच्या आकांतानं सांगत होतो, "नाना, गुडघे वाकवा. टाचेवर भार नको. अहो, बांबूनं ओरखडे पडतील." त्यांनी एकदाही मागं बघितलं नाही.

काठाला लागले, उतरले, धोतर झटकलं. निकाल आता त्यांच्याच तोंडून यायचा होता.

"चीज चांगली हाय," नाना म्हणाले. "हातात ऱ्हाती. तारंवर जात न्हाई. पाव्हन्यांनी न्हाई दावलं, फळीनं दावलं. आप्पा, माझी हरकत न्हाई. पाव्हन्यांनी मोठी फळी आनावी, आन् ही माझ्याकडं ठिवावी."

आप्पांनी वर बघितलं. टोपी डोक्यावर घातली, नीट केली. मला एकदम भरून आलं. लपवत कशाला, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. दत्तूचा राग गेला, ट्रकवाल्याचा गेला, सेल्वमचासुद्धा गेला. दहाएक सेकंद मी कुणावरही चिडलेलो नव्हतो. सुनंदा म्हणते, असं तिनं लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं.

"पर येक अट," नाना म्हणाले.

"कसली अट?"

"पान्यात कायबी करा. वरडायचं न्हाई. घंटा झाला, तुमचा त्वांडाचा पट्टा चालूच. तिकडं जाळं लावल्यालं पोरगं गुंडाळून गेलं. माझ्या म्हशीनं पान्हा चोरलाय. डीपी तीन दिसात नीट झाला, पर म्हशीचं काय सांगता येत न्हाई."

"मी ओरडतो?" मी म्हणालो.

मी म्हणालो, असं मी म्हणतो. सुनंदाचं म्हणणं, ते पलीकडच्या गावाला ऐकू गेलं. पलीकडच्या काठावरचे बगळे उठले हे खरं आहे, पण बगळे काय, उठतातच.

नानांनी उडणाऱ्या बगळ्यांकडं बोट दाखवलं आणि आप्पांकडं बघितलं. सगळ्या गावानंच आप्पांकडं बघितलं, कारण शब्द त्यांचा होता. मीही बघितलं. म्हटलं, आत्ता उठतील, पारावर उठले होते तसे.

"घाला अट," आप्पा म्हणाले. "बारा वर्सं झाली, मलाबी हेच म्हनायचं व्हतं."

आता मोठी फळी आणली आहे. सेल्वमनं सांगितली होती तीच. लहान फळी नानांकडं, तिच्या जिवावर त्यांची मोटर सुखात चालू आहे. दर रविवारी चारला मी पाण्यात उतरतो, आणि नाना म्हशीपाशी कान देऊन उभे असतात. पडतो मी अजून, सात-आठ वेळा तरी पडतो. पण गप पडतो.